गिल सॅन्स इटॅलिक

गिल सॅन्स इटॅलिक हे रोमन लिपीतील गिल सॅन्स या सॅन्स-सेरिफ टाइपाचे तिरपे रूप आहे. ब्रिटिश शिल्पकार व अक्षरकार एरिक गिल (१८८२–१९४०) यांनी गिल सॅन्सची आखणी केली आणि ब्रिटनच्या मोनोटाइप कॉर्पोरेशनने इ.स. १९२८ पासून तो टाइप क्रमाक्रमाने बाजारात आणला. बहुतेक सॅन्स-सेरिफ टाइपांची तिरपी रूपे उभी अक्षरे एका बाजूस कलवून तयार केली जातात. गिल सॅन्स इटॅलिकमध्ये मात्र काही लहान अक्षरांची घडणच बदललेली असून ती हस्तलेखनाच्या वळणाला जवळ जाते. सेरिफयुक्त पुस्तकी टाइपांतील इटॅलिकची परंपरा सॅन्स-सेरिफ टाइपात आणण्याचा हा एक प्रारंभीचा व प्रभावी प्रयत्न मानला जातो.

संज्ञा

रोमन लिपीच्या छपाईत अक्षरांच्या दांड्यांच्या टोकांना जे बारीक आडवे पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. ज्या टाइपात असे पाय नसतात तो सॅन्स-सेरिफ टाइप होय. अशा टाइपात दांड्यांची जाडी बहुधा जवळजवळ एकसारखी असते.

नेहमीच्या सरळ अक्षरांना मुद्रक 'रोमन' म्हणतात. लिपीच्या नावाशी गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख 'उभा टाइप' असा केला आहे. तिरप्या अक्षरांचे दोन प्रकार आहेत. उभ्या टाइपाची अक्षरे जशीच्या तशी ठेवून केवळ उजवीकडे कलवली तर होणाऱ्या रूपास ऑब्लिक किंवा कलता टाइप म्हणतात. लेखणीने भरभर लिहिताना अक्षरांना जी घडण येते तिच्या आधारे स्वतंत्रपणे आखलेल्या रूपास इटॅलिक म्हणतात. इटॅलिक अक्षरे सहसा तिरपी व काहीशी अरुंद असतात. पण त्यांचे खरे लक्षण तिरपेपणा नसून घडण हे आहे. छोटे 'ए' हे अक्षर हा फरक ओळखण्याची सोपी खूण आहे. उभ्या टाइपात ते बहुधा दुमजली असते, म्हणजे खाली पोट आणि वर वळलेली कमान असते. ऑब्लिकमध्ये तीच कमान तिरपी होते. इटॅलिकमध्ये कमान नाहीशी होऊन, शाळेत हाताने गिरवतात तसे एकमजली 'ए' येते.

पार्श्वभूमी

इटॅलिकचा उगम पंधराव्या शतकातील इटलीच्या हस्तलेखनात आहे. तेथील विद्वान व लेखनिक औपचारिक ग्रंथांसाठी एक सावकाश लिहिण्याचे वळण वापरत आणि टिपणे, पत्रे यांसाठी दुसरे जलद वळण वापरत. व्हेनिस येथील मुद्रक-प्रकाशक आल्डस मॅन्युशियस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी या जलद वळणावरून खिळे कोरले. त्या टाइपात संपूर्ण छापलेले व्हर्जिलच्या काव्याचे लहान आकाराचे पुस्तक इ.स. १५०१ मध्ये निघाले. या आरंभीच्या इटॅलिकमध्ये फक्त लहान अक्षरे तिरपी होती. मोठी अक्षरे उभीच ठेवली जात. त्या काळी इटॅलिक हा सबंध पुस्तक छापण्यासाठीचा स्वतंत्र टाइप होता. पुढे त्याचे स्वातंत्र्य ओसरले आणि उभ्या मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवणारा सोबती म्हणून तो स्थिरावला.

सॅन्स-सेरिफ टाइपाचा इतिहास याहून बराच अलीकडचा आहे. इ.स. १८१६ च्या सुमारास लंडनमधील चौथे विल्यम कॅस्लन यांच्या ओतशाळेने सॅन्स-सेरिफ टाइपाचा पहिला छापील नमुना प्रसिद्ध केला. त्यात केवळ मोठी अक्षरे होती. एकोणिसाव्या शतकात असे टाइप प्रामुख्याने जाहिराती, फलक व शीर्षके यांसाठी वापरले जात. त्यांतून सलग मजकूर छापण्याची अपेक्षा नसल्याने इटॅलिक सोबत्याची गरजही फारशी भासत नव्हती. विसाव्या शतकात सॅन्स-सेरिफ टाइप पुस्तके, माहितीपत्रके व वेळापत्रके यांच्या आतल्या पानांवर येऊ लागले, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. लेखणीशी नाते तोडून आलेल्या अक्षरांना लेखणीतूनच जन्मलेले इटॅलिक कसे जोडावे?

निर्मिती

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी फ्रँक पिक यांनी अक्षरकार एडवर्ड जॉन्स्टन (१८७२–१९४४) यांच्याकडून एक सॅन्स-सेरिफ अक्षरमाला आखून घेतली. ती इ.स. १९१६ पासून वापरात आली. गिल हे जॉन्स्टन यांचे विद्यार्थी व स्नेही होते आणि या कामाच्या आरंभीच्या टप्प्यात त्यांचा सहभाग होता. जॉन्स्टन यांनी मोठ्या अक्षरांची प्रमाणे प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतली होती. हाच विचार गिल यांच्या कामात पुढे दिसतो. गिल यांचा मूळ व्यवसाय दगडात अक्षरे कोरण्याचा असल्याने ती प्रमाणे त्यांच्या हाताच्या सवयीचीच होती.

इ.स. १९२६ मध्ये डग्लस क्लेव्हरडन यांनी ब्रिस्टल येथे पुस्तकांचे दुकान काढले. त्याच्या दर्शनी पाटीवर गिल यांनी सॅन्स-सेरिफ मोठी अक्षरे रंगवली. मोनोटाइपचे टाइपविषयक सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांना या अक्षरांत नव्या टाइपाची शक्यता दिसली. त्या सुमारास जर्मनीतून फ्यूचुरासारखे नवे भौमितिक सॅन्स-सेरिफ टाइप येत होते आणि ब्रिटिश कंपनीला त्यांच्या तोडीचा टाइप हवा होता. इ.स. १९२८ मध्ये प्रथम मोठ्या अक्षरांचा शीर्षक-टाइप सादर झाला. त्यानंतर लहान अक्षरे, तिरपे रूप आणि निरनिराळ्या जाडीची रूपे अशी भर पडत गेली.

गिल यांनी रेखाटने केली असली, तरी छपाईयोग्य टाइप घडवण्याचे काम सरे परगण्यातील सॅलफर्ड्स येथील मोनोटाइपच्या कारखान्यात झाले. तेथील आरेखन विभागात प्रत्येक अक्षर मोठ्या आकारात नव्याने रेखले जाई. त्यावरून पँटोग्राफ यंत्राच्या साहाय्याने पोलादी ठसा कोरला जाई आणि ठशावरून मातृका तयार होई. त्यामुळे गिल सॅन्सच्या अंतिम रूपात गिल यांच्याबरोबरच या अनाम आरेखकांचाही वाटा आहे.

मॉरिसन यांचा सिद्धांत

गिल सॅन्स इटॅलिकचे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळातील एक वाद लक्षात घ्यावा लागतो. इ.स. १९२६ मध्ये मॉरिसन यांनी 'द फ्लूरॉन' या मुद्रणविषयक नियतकालिकात आदर्श इटॅलिकविषयी एक लेख लिहिला. उभ्या टाइपाच्या सोबत्याने स्वतःचा वेगळा नखरा दाखवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तिरपा शब्द वेगळा दिसावा, पण ओळीच्या रंगात मिसळून जावा. म्हणून उभी अक्षरे नुसती कलवणे हाच योग्य मार्ग, असे त्यांनी मांडले.

या सिद्धांताची परीक्षा गिल यांच्याच परपेचुआ या सेरिफयुक्त टाइपावर झाली. परपेचुआचे पहिले तिरपे रूप 'फेलिसिटी' हे मॉरिसन यांच्या मतानुसार कलत्या टाइपाचे होते. प्रत्यक्ष छपाईत ते समाधानकारक वाटले नाही आणि त्यात पारंपरिक इटॅलिककडे झुकणारे बदल करावे लागले. गिल यांचा जोआना हा टाइप याच्या उलट टोकाचा आहे. त्याच्या इटॅलिकला अगदी अल्प कल असून उभ्या टाइपाहून वेगळेपण मुख्यतः अरुंदपणातून येते.

सॅन्स-सेरिफ टाइपात सिद्धांत पाळणे अधिक सोपे होते. कलवण्याच्या आड येणारे पाय तेथे नव्हते आणि मुख्यतः फलकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टाइपाकडून कोणी पुस्तकी संस्काराची अपेक्षाही केली नसती. असे असताना मॉरिसन ज्या कंपनीचे सल्लागार होते तिनेच गिल सॅन्सला परंपरेतील इटॅलिक दिले. ही निवड पूर्ण बंडाचीही नव्हती. मोठी अक्षरे व बरीचशी लहान अक्षरे साधीच राहिली. बदल मोजक्या जागी झाला. कलता टाइप आणि पारंपरिक इटॅलिक यांच्यातील ही तडजोड हेच या टाइपाचे स्वरूपलक्षण आहे.

अक्षररचना

मोठी अक्षरे: मोठ्या अक्षरांत तिरपे रूप उभ्या रूपाच्या अगदी जवळ आहे. 'ओ' हे वर्तुळाकडे झुकणारे, 'ई' व 'एफ' अरुंद, तर 'एम' चौरसात बसणारे असून त्याचे मधले दोन तिरपे दांडे चौरसाच्या मध्यबिंदूपाशी मिळतात. शिलालेखी प्रमाणांची ही जाणीव तिरप्या रूपातही टिकून राहते.

छोटे 'ए': उभ्या टाइपातील दुमजली अक्षराच्या जागी इटॅलिकमध्ये एकमजली अक्षर येते. इंग्रजी मजकुरात हे अक्षर वारंवार येत असल्याने केवळ या एका बदलाने सबंध शब्दाचा चेहरा पालटतो. दुरून पाहतानाही तिरपा शब्द ओळखू येण्यास कलाइतकाच हा बदल कारणीभूत ठरतो.

छोटे 'पी': या अक्षराच्या उभ्या दांड्याच्या डाव्या बाजूस एक लहान फाटा निघतो. लेखणी कागदावर टेकून अक्षरात शिरते त्या हालचालीची ही खूण आहे. अठराव्या शतकात पहिल्या विल्यम कॅस्लन यांनी कोरलेल्या इटॅलिकांसारख्या जुन्या टाइपांत असा फाटा दिसतो. एकसारख्या जाडीच्या, साध्या अक्षरांत तो अनपेक्षित वाटतो आणि म्हणूनच गिल सॅन्स इटॅलिक ओळखण्याची ती सर्वांत खात्रीची खूण ठरते.

छोटे 'ई': येथे संयम दिसतो. पुस्तकी इटॅलिकांत या अक्षराच्या डोळ्याची खालची रेषा सहसा वळणदार असते. गिल सॅन्समध्ये ती सरळच ठेवली आहे.

छोटे 'एफ': या अक्षराची वरची कमान ऐसपैस आहे. पुढे 'आय' किंवा 'एल' आले की कमान त्याला धडकण्याचा संभव असतो. त्यासाठी दोन अक्षरे एकत्र ओतलेली जोडरूपे पुरवली जातात. देवनागरीतील जोडाक्षरांशी याचे वरवरचे साम्य असले, तरी येथे उच्चार बदलत नाही. केवळ टक्कर टळते.

कलाचे दृष्टिभ्रम

अक्षर कलवणे ही वरकरणी यांत्रिक कृती आहे. अक्षराचा पाया जागच्या जागी ठेवून माथा उजवीकडे ढकलायचा, एवढेच तिचे गणित. परंतु या कृतीने आकार बिघडतात.

वर्तुळाकार 'ओ' अशा रीतीने ढकलला की तो वरच्या उजव्या व खालच्या डाव्या कोपऱ्याकडे ताणला जातो. त्या दोन कोपऱ्यांत रेषा जाड होते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक होते. उभे दांडे आडव्या दिशेने मोजले तर पूर्वीइतकेच रुंद राहतात, पण रेषेला काटकोनात मोजल्यास किंचित बारीक होतात. १२ अंशांच्या कलास ही घट सुमारे २ टक्के असते. आडव्या रेषांची जाडी मात्र बदलत नाही, त्यामुळे त्या तुलनेने जड दिसू लागतात.

सेरिफयुक्त टाइपात जाड व बारीक रेषांचा खेळ मुळातच असल्याने असा बिघाड काही प्रमाणात झाकला जातो. सॅन्स-सेरिफ टाइपाची भिस्त रेषेच्या एकसारखेपणावर असते, म्हणून तेथे थोडी विकृतीही डोळ्यांना खुपते. त्यामुळे ऑब्लिक आखणाऱ्यालाही प्रत्येक वळण हाताने दुरुस्त करावे लागते. 'नुसते कलवणे' हा सिद्धांत म्हणून सोपा असला, तरी कारागिरी म्हणून सोपा नाही.

यंत्रांच्या मर्यादा

मोनोटाइप यंत्रात प्रत्येक अक्षराची रुंदी ठरावीक एककांत मोजली जाई. सर्वांत रुंद अक्षरासाठी १८ एकके असत. सर्व मातृका एका चौकटीत ओळींनी बसवलेल्या असत. १५ आडव्या व १५ उभ्या ओळींच्या चौकटीत २२५ मातृका मावत. एका आडव्या ओळीतील सर्व अक्षरांची रुंदी समान असावी लागे. उभ्या टाइपाबरोबर इटॅलिकही याच चौकटीत बसवायचे असल्याने आरेखकाला प्रत्येक तिरपे अक्षर उपलब्ध एककांपैकी एका रुंदीत आणावे लागे.

प्रतिस्पर्धी लिनोटाइप यंत्रात अट याहून कडक होती. तेथे एकाच मातृकेवर उभे व तिरपे असे दोन साचे कोरलेले असत. त्यामुळे दोन्ही रूपांची रुंदी तंतोतंत सारखी ठेवावी लागे आणि स्वभावतः अरुंद असणारे इटॅलिक ऐसपैस होऊन जाई. मोनोटाइपच्या तुलनेने मोकळ्या व्यवस्थेत इटॅलिकला स्वतःची रुंदी घेता येत असे.

धातूच्या खिळ्यांत आणखी एक अडचण होती. खिळ्याचा देह चौकोनी असतो, पण तिरपे अक्षर वरच्या बाजूस त्या चौकोनाबाहेर झुकते. देहाबाहेर आलेला हा भाग शेजारच्या खिळ्यावर टेके आणि जुळणी करताना वा छापताना मोडण्याची भीती असे. संगणकीय टाइपात अक्षराला धातूचा देह नसल्याने ही अडचण संपली आहे. मात्र तिरप्या शब्दानंतर उभा कंस किंवा उद्गारचिन्ह आले की दोन्ही एकमेकांना भिडण्याचा प्रश्न आजही उद्भवतो.

उपयोग

गिल सॅन्सच्या ख्यातीस कारणीभूत ठरलेले वापर मुख्यतः उभ्या व ठळक रूपांचे आहेत. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने इ.स. १९२९ मध्ये हा टाइप स्वीकारला. इंजिनांच्या नामपट्ट्यांपासून वेळापत्रके व भोजनयानातील पदार्थांच्या यादीपर्यंत सर्वत्र तो वापरला गेला. इ.स. १९३५ मध्ये पेंग्विन प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तो झळकला. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो स्थानकांच्या फलकांसाठी वापरला. बीबीसीने इ.स. १९९७ ते २०२१ या काळात आपले बोधचिन्ह याच टाइपात ठेवले होते.

इटॅलिकचे काम याहून शांत व पानाच्या आत चालणारे आहे. सॅन्स-सेरिफ टाइपात छापलेल्या मजकुरात ते पुढील ठिकाणी उपयोगी पडते:

• पुस्तके, नियतकालिके, नाटके व चित्रपट यांची नावे वेगळी दाखवणे.
• वाक्यातील एखाद्या शब्दावर भर देणे.
• परभाषेतून आलेला शब्द दर्शवणे.
• जीवशास्त्रात प्रजाती व जाती यांची लॅटिन नावे छापणे. तिरप्या अक्षरांचा हा संकेत मराठी ग्रंथांत रोमन लिपीतून दिलेल्या शास्त्रीय नावांनाही अनेकदा लावला जातो.
• गणितात व भौतिकशास्त्रात चल राशींची चिन्हे एककांच्या चिन्हांपासून वेगळी ठेवणे. या संकेतानुसार तिरपे 'एम' वस्तुमान दर्शवते, तर उभे 'एम' मीटर दर्शवते.
• चित्रांखालील ओळी, उपशीर्षके व निवेदने यांना मुख्य मजकुराहून निराळा स्वर देणे.

यांपैकी काही ठिकाणी तिरपेपणा ही केवळ सजावट नसते. तो अर्थ वाहतो. शास्त्रीय नाव किंवा चल राशी वाचकाच्या नजरेतून निसटली तर अर्थच चुकतो. अशा ठिकाणी एकमजली 'ए'सारखा घडणीतील फरक उपयोगी पडतो, कारण लहान आकारात किंवा निकृष्ट छपाईत केवळ काही अंशांचा कल सहज दिसेनासा होतो. ठळक टाइपाशी तुलना केल्यास इटॅलिक मजकुरात मिसळलेले असते. ठळक शब्द पान उघडताच डोळ्यांत भरतो, तर इटॅलिक शब्द त्या ओळीपर्यंत पोहोचल्यावरच जाणवतो. म्हणून शोधायच्या गोष्टींसाठी ठळक टाइप आणि वाचतानाच्या सूक्ष्म भेदांसाठी इटॅलिक, अशी कामाची वाटणी रूढ झाली आहे.

मर्यादा

सलग अनेक परिच्छेद इटॅलिकमध्ये छापल्यास वाचन जड होते. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत इटॅलिक व अधोरेखन टाळून भर देण्यासाठी ठळक टाइप वापरावा, असे सुचवले आहे. कमी बिंदुघनतेच्या पडद्यावर तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या तुटक दिसतात; आधुनिक पडद्यांवर हा दोष बराच कमी झाला आहे.

गिल सॅन्सचा म्हणून सांगितला जाणारा एक दोष असा, की त्याच्या उभ्या रूपात मोठे 'आय', छोटे 'एल' आणि एक हा अंक जवळपास एकसारखे दिसतात. मजकुरात संदर्भाने अर्थ लागतो, पण सांकेतिक क्रमांक व कोष्टके यांत चूक होऊ शकते. यासाठी एक या अंकाचे निराळे रूप उपलब्ध करून दिले गेले. शिवाय या कुटुंबातील सर्व रूपे एका साच्यातून निघालेली नाहीत; वेगवेगळ्या जाडीच्या रूपांत अक्षरांची घडण बदलते. त्यामुळे कुटुंबात एकसूत्रीपणा नाही, अशी टीका होते, तर या विविधतेमुळेच त्याला हाताने काम केल्याचा जिव्हाळा येतो, असे समर्थकांचे म्हणणे असते.

इतर सॅन्स-सेरिफ टाइपांशी तुलना

गिल सॅन्सनंतरच्या काही दशकांत प्रभाव राहिला तो ऑब्लिकचाच. इ.स. १९५७ मध्ये आलेले हेल्व्हेटिका व युनिव्हर्स हे दोन्ही टाइप कलत्या रूपाचे आहेत. संगणकावरील हेल्व्हेटिकाचा कल १२ अंशांचा आहे. या टाइपांच्या मागे व्यक्तिनिरपेक्ष, तटस्थ अक्षरांचा विचार होता आणि लेखणीची आठवण करून देणारे फाटे त्यात बसणारे नव्हते. एड्रियन फ्रुटिगर यांच्या १९७० च्या दशकातील फ्रुटिगर टाइपालाही कलतेच रूप होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. सॅन्स-सेरिफ टाइप कार्यालयीन दस्तऐवज, पाठ्यपुस्तके व पडदा यांवर दीर्घ मजकुरासाठी वापरले जाऊ लागले आणि खऱ्या इटॅलिकची मागणी वाढली. चार्ल्स बिगेलो व क्रिस होम्स यांचा ल्युसिडा सॅन्स, एरिक स्पीकरमान यांचा मेटा, मार्टिन मायोर यांचा स्काला सॅन्स आणि लुकास द ग्रूट यांचा कॅलिब्री यांची इटॅलिक रूपे हस्तलेखनाच्या घडणीकडे गिल सॅन्सपेक्षाही अधिक झुकतात. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन प्रणालीत अनेक वर्षे कॅलिब्री पूर्वनियोजित टाइप असल्याने, आज संगणकावर तिरपे अक्षर करणाऱ्या असंख्य लोकांनी अशा प्रकारचे इटॅलिक नकळत वापरलेले आहे. गिल सॅन्सही मॅक प्रणालीबरोबर तसेच मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर उपलब्ध होत आला आहे. इ.स. २०१५ मध्ये मोनोटाइपने त्याची 'गिल सॅन्स नोव्हा' ही विस्तारित आवृत्ती काढली.

देवनागरी लिपी आणि तिरपा टाइप

इटॅलिक ही रोमन लिपीच्या इतिहासातून आलेली रचना आहे. देवनागरी छपाईत तिला समांतर अशी परंपरा नाही. मराठी मुद्रणात भर देण्यासाठी ठळक किंवा मोठा टाइप, अवतरणचिन्हे आणि क्वचित अधोरेखन हे उपाय वापरले जातात. ग्रंथनामे एकेरी अवतरणचिन्हांत देण्याची पद्धतही यातूनच रूढ झाली.

मराठीलाही सावकाश लिहिण्याचे व जलद लिहिण्याचे अशी दोन वळणे होती. पोथ्यांसाठी बाळबोध आणि दप्तरातील नोंदी व पत्रव्यवहार यांसाठी मोडी अशी ही विभागणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूर येथील मिशन छापखान्यात मोडीचे खिळेही तयार झाले. इटलीतील जलद वळणाप्रमाणे मोडी मात्र बाळबोधच्या ओळीत भर देणारा सोबती म्हणून सामावली गेली नाही. ती स्वतंत्र लिपी राहिली आणि छपाईचे क्षेत्र बाळबोधने व्यापले.

संगणकावर मराठी मजकूर निवडून तो तिरपा केला की बहुतेक वेळा मिळते ते इटॅलिक नसून यंत्राने कलवलेले उभे अक्षर असते. टाइपात तिरपे रूप नसेल, तर न्याहाळक किंवा लेखनप्रणाली स्वतःच अक्षरे ढकलते. 'ओ'च्या बाबतीत वर सांगितलेला बिघाड येथे अधिक जाणवतो. शिरोरेषा आडवीच राहते, काना व दंड कलतात, वेलांटी आणि रफार यांच्या वळणांत जाडी अनियमित होते आणि अनुस्वार आपल्या अक्षरापासून उजवीकडे सरकलेला दिसतो. काही आधुनिक देवनागरी टाइपांत आखणीकारांनी दुरुस्त केलेली तिरपी रूपे दिली जातात. तरीही 'एकमजली ए'प्रमाणे घडणीतून वेगळी दिसणारी देवनागरी अक्षरे कोणती असावीत, याविषयी सर्वमान्य संकेत तयार झालेला नाही.

निर्मात्याविषयीचा वाद

फिओना मॅकार्थी यांनी लिहिलेले गिल यांचे चरित्र इ.स. १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. गिल यांनी आपल्या मुलींचे लैंगिक शोषण केल्याच्या त्यांच्याच दैनंदिनीतील नोंदी त्यातून उघड झाल्या. तेव्हापासून त्यांच्या शिल्पांबरोबरच त्यांच्या नावाच्या टाइपाच्या वापराविषयीही वाद होत आला आहे. निर्मात्याचे नाव धारण करणारा टाइप सार्वजनिक संस्थांनी वापरू नये, असे एक मत आहे. टाइपाच्या घडणीत मॉरिसन, मोनोटाइपचे आरेखक व जॉन्स्टन यांची परंपरा यांचाही वाटा असल्याने कृतीचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे, असे दुसरे मत आहे.

सारांश तुलना

• ऑब्लिक: उभ्या अक्षराचीच घडण, केवळ कल. उदाहरणे: फ्यूचुरा, हेल्व्हेटिका, युनिव्हर्स. ओळीत एकजीव दिसते. लहान आकारात वेगळेपण कमी जाणवते.
• मिश्र इटॅलिक: मोठी व बरीचशी लहान अक्षरे कललेली, निवडक अक्षरांची घडण बदललेली. उदाहरण: गिल सॅन्स इटॅलिक.
• पूर्ण इटॅलिक: बहुतेक लहान अक्षरे हस्तलेखनाच्या वळणाची. उदाहरणे: स्काला सॅन्स, कॅलिब्री. वेगळेपण ठळकपणे जाणवते. उभ्या रूपाशी मेळ राखण्यासाठी स्वतंत्र आखणी लागते.
• यंत्रनिर्मित कल: टाइपात तिरपे रूप नसताना संगणकाने ढकललेली अक्षरे. रेषांची जाडी बिघडते. देवनागरी मजकुरात बहुधा हाच प्रकार आढळतो.